खुर्ची गेली तरी विद्या जात नाही
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही मोठे वक्ते नाही. जालन्याच्या रोलिंग मिलमधली पाळी सुटल्यावर जे वाचले, तेवढीच आमची शिदोरी. त्यातूनच आज बाबासाहेबांच्या एका वर्षाविषयी दोन शब्द बोलतो.

बडोद्याची हकिगत आपल्या लेकरांनाही पाठ आहे. अमेरिकेत, लंडनला शिकून आलेले सव्वीस वर्षांचे बाबासाहेब सप्टेंबर १९१७ मध्ये बडोदा संस्थानात लष्करी सचिव झाले. केवढा हुद्दा! पण शिपाई फायली लांबून फेकत. कचेरीत प्यायला पाणी मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. एका झाडाखाली बसून ते रडले आणि मुंबईला परतले. इथवर आपण सांगतो आणि एकदम महाडच्या तळ्यावर जातो. मधले वर्ष कोण सांगणार?

त्या वर्षी घरी रमाई होत्या, लहानगा यशवंत होता. हाताला नोकरी नव्हती. बाबासाहेबांनी शिकवण्या धरल्या. व्यापाऱ्यांना शेअर बाजाराचा सल्ला देण्याचा धंदा काढला. जात कळली तशी गिऱ्हाइके तुटली. तरी लेखणी थांबली नाही. हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवरचा त्यांचा इंग्रजी निबंध १९१८ सालचाच. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवरचा जादा माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळवला पाहिजे, असे त्यांनी त्यात मांडले. आपल्या दोन-दोन एकरवाल्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. तिथेही पाण्याच्या माठावरून कुरकुर झालीच. पण त्यांनी पगारातून पैसा साठवला. १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' काढले. त्याच वर्षी नोकरी सोडून, शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांच्या मदतीने अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडन गाठले.

आता आमचे सांगतो. हसू नका. आमची पहिली मिल बंद पडली तेव्हा आम्ही मिस्त्री होतो. वस्तीत मान होता. घरी सांगायची लाज वाटली. आठ दिवस रोजच्यासारखा डबा घेऊन निघायचो आणि स्टँडवर बसून राहायचो. नवव्या दिवशी मंडळीच म्हणाल्या, "अहो, तुमच्या कपड्याला भट्टीचा वास येत नाही आता. काय झालं ते सांगा." पुढे दुसऱ्या मिलमध्ये हेल्पर म्हणून लागलो. खालच्या पायरीवरून सुरुवात केली.

बाबासाहेबांचे दुःख जातीचे होते, आमचे बंद कारखान्याचे. दोन्हींची बरोबरी आम्ही करत नाही. पण एक गोष्ट त्या वर्षाने शिकवली. हुद्दा दुसऱ्याने दिलेला असतो, म्हणून तो दुसरा काढून घेऊ शकतो. डोक्यात आणि हातात जे आहे ते कोणी काढून घेत नाही. भगवान बुद्धांनी सगळे अनित्य आहे म्हटले, ते हातपाय गाळून बसण्यासाठी नव्हे. नोकरी अनित्य आहे, तशी बेकारीही अनित्यच.

आज आपल्या वस्तीत काही तरुण, काही कर्ते पुरुष काम गेल्यामुळे विहारात यायचे थांबले आहेत. वर्गणी देता येत नाही म्हणून तोंड चुकवतात. त्यांना आमचे सांगणे आहे, बाबांनो, वर्गणी राहू द्या, तुम्ही या. आणि घरच्यांनो, त्यांना टोचून बोलू नका, आधी विचारा, "काय झालं ते सांगा."

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!