अनिकेत मुले आणि आपले वसतिगृह

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर आजवर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांना पाढे शिकविलेला मनुष्य. तेव्हा व्याख्यान म्हणण्यासारखे काही मजकडून होईल अशी अपेक्षा आपण ठेवू नये. चिटणीसांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली आणि तिचा थोडा गैरफायदा मी घेणार आहे. स्नेहसंमेलनाच्या आनंदात न शोभणारा विषय मी काढीत आहे, त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो.

विषय आहे अनिकेत मुलांचा. निकेत म्हणजे घर. ज्याला ते नाही तो अनिकेत. आपण सामान्यतः 'अनाथ' हा शब्द वापरून मोकळे होतो, पण तो येथे पुरेसा नाही. रस्त्यावर व रेल्वेच्या फलाटावर जी मुले आपण पाहतो, त्यांतील पुष्कळांचे आईबाप हयात असतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्था व ॲक्शन एड यांनी मुंबई शहरातील अशा मुलांची गणना करून तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्या गणनेत सदतीस हजारांहून अधिक मुले आढळली आणि त्यांतील बहुसंख्य आपल्या कुटुंबासह पदपथावरच राहणारी होती. म्हणजे तेथे आई आहे, बाप आहे, भावंडे आहेत. भिंती व छप्पर मात्र नाही. उलट काही मुलांच्या घराला भिंती असतात, छप्पर असते, पण त्या घरात त्यांना जागा नसते. मी आज विशेषेकरून या दुसऱ्या मुलांविषयी बोलणार आहे, कारण त्यांपैकी एकाला रस्त्यावर घालविण्यात माझा स्वतःचा हात होता.

१९८८ सालची ही गोष्ट. मी तेव्हा मनमाडच्या एका शाळेत सातवीचा वर्गशिक्षक होतो. मनमाड हे जंक्शनचे गाव. भुसावळ, दौंड आणि मराठवाडा या तिन्ही अंगांच्या गाड्या तेथे मिळतात, आणि मुंबईकडे जाणारी गाडी केव्हाही पकडता येते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. गणितात हुशार, अक्षर मात्र कोंबडीच्या पायासारखे. एके दिवशी शेजारच्या मुलाची कंपासपेटी त्याच्या पिशवीत सापडली. मी त्याला दोन छड्या मारल्या, दिवसभर वर्गाबाहेर उभे केले आणि सुटताना बजावले, "उद्या बापाला घेऊन ये, नाहीतर वर्गात पाऊल टाकू नकोस."

त्याचा बाप दोन वर्षांपूर्वी वारला होता. आईने दुसरे घर केले होते आणि मुलगा चुलत्याकडे राहत होता. हे मला ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही. प्रवेशाच्या वेळी कागदावर ते लिहिलेले होते. पण साठ मुलांच्या वर्गात कोणाला बाप आहे आणि कोणाला नाही हे मी ध्यानात ठेवले नव्हते. जो बाप जगातच नाही त्याला तो कोठून आणणार? दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठ दिवसांनी चुलता भेटला तेव्हा म्हणाला, "गेला असेल कोठेतरी, येईल भूक लागली की." पोलिसांत वर्दी ना त्याने दिली, ना मी दिली. महिनाअखेर हजेरीपटावर मी त्याच्या नावापुढे 'सतत गैरहजर, नाव कमी केले' असा शेरा मारला आणि तो विषय माझ्या लेखी संपला.

सात वर्षांनी, १९९५ मध्ये, मिशी फुटलेला एक तरुण शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आणि "गुरुजी" म्हणून माझ्या पाया पडला. शाळा सोडल्याचा दाखला त्याला हवा होता. एका कारखान्यात कायम नोकरी लागण्याचा योग होता, पण जन्मतारखेचा पुरावा मागितला होता. आणि आपण कोण व केव्हा जन्मलो हे सांगणारा सबंध जगातला एकच कागद आमच्या शाळेच्या कपाटात होता. तो दाखला मी माझ्या हाताने लिहिला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी आल्यावर माझी लेखणी थांबली. तो म्हणाला, "लिहा गुरुजी, सतत गैरहजर."

त्या संध्याकाळी तो आमच्या घरी जेवला, आणि जे सांगितले ते मी विसरलेलो नाही. मुंबईच्या एका मोठ्या स्थानकावर तो चार वर्षे राहिला होता. रिकाम्या बाटल्या वेचणे, हमालाच्या हाताखाली बोजे उचलणे, गाडीचे डबे झाडून प्रवाशांपुढे हात पसरणे, ही कामे. मी मास्तराला शोभेलसे विचारले, "चार पैसे शिल्लक का टाकले नाहीस?" त्यावर तो हसला. म्हणाला, "गुरुजी, रात्री झोपलो की थोरली पोरे खिसे उलटे करीत. म्हणून मिळाले ते दिवस मावळायच्या आत संपवायचे. भजी खायची, सिनेमा पाहायचा. उरले तर कोणाला तरी द्यायचे." रस्त्यावरची मुले उधळी असतात, त्यांना पैशाची किंमत नसते, असे आपण म्हणतो. ज्याला दाराची कडी लावता येत नाही, त्याला शिल्लक टाकता येत नाही, एवढी साधी गोष्ट तीस वर्षे हिशेब शिकवून माझ्या ध्यानात आली नव्हती.

झोपेचेही तसेच. रात्री निजणे धोक्याचे म्हणून ही मुले दिवसा, माणसांच्या वर्दळीत निजतात, आणि जाणारा येणारा त्यांना आळशी ठरवितो. पंक्चरला लावावयाचे सोल्युशन, किंवा अक्षरे खोडावयाचा पांढरा द्रव, फडक्यावर ओतून हुंगतात. त्याने भूक मरते, थंडी कळत नाही, आणि पुढे बुद्धीही मरते. खरूज, पिकलेले कान, गाडीखाली गमावलेली बोटे. मुलांवर आणि मुलींवर होणाऱ्या दुसऱ्या अत्याचारांविषयी या सभेत बायकामुलांसमोर विस्ताराने बोलत नाही; ते होतात, आणि मुलग्यांवरही होतात, एवढेच सांगून पुढे जातो. मुली फलाटावर आपल्याला कमी दिसतात, याचे कारण त्या कमी पळतात असे नसून त्यांना तेथून फार लवकर कोणीतरी घेऊन जाते, हे आहे.

ही मुले घर का सोडतात? सिनेमाच्या नादाने, मुंबई पाहण्याच्या हौसेने, असे उत्तर आपल्या घरांतून सर्रास ऐकू येते. तशी काही असतील. पण माझ्या नोकरीच्या काळात मी जेवढ्या पळालेल्या मुलांची चौकशी नंतर केली (त्या प्रसंगानंतर मी करू लागलो), त्यांत हौसेने गेलेले क्वचितच निघाले. बापाचे दारूचे व्यसन, सावत्र आईची किंवा सावत्र बापाची मारहाण, परीक्षेचा निकाल, हॉटेलात किंवा गॅरेजमध्ये कामाला लावलेल्या पोराला मालकाने दिलेला त्रास, ही कारणे. आणि बहुतेकांच्या बाबतीत शेवटचे निमित्त अगदी क्षुल्लक असते. कंपासपेटीएवढे.

याखेरीज एक संथपणे चालणारे कारण आहे, ते आपल्या डोळ्यांवर येत नाही. बीड जिल्ह्यातून व आसपासच्या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोडपी निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मागे आजी असली तर मुले गावी राहतात, नसली तर फडाच्या कडेला कोपीत. पाच-सहा महिने शाळा नाही. शासनाने हंगामी वसतिगृहे काढली, साखरशाळाही निघाल्या. जेथे गुरुजी मनाचा होता तेथे त्या चालल्या. पण अशा दोन-तीन हंगामांत मुलाचे शाळेशी असलेले नाते तुटते, आणि आजी गेली की गावच्या घराशीही तुटते. ते मूल पळून जात नाही. ते हळूहळू निसटते.

कायद्याने काही केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ साली झाला. आजचा बालन्याय कायदा २०१५ चा आहे. त्यानुसार निराश्रित मूल सापडल्यास प्रवासाचा काळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. १०९८ हा दूरध्वनी क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. आज तो शासनामार्फत चालतो आणि त्यावर कोणीही, केव्हाही कळवू शकतो. तो आपल्या मुलांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, अशी माझी मातांना विनंती आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने छडीही बंद केली. तो १९८८ मध्ये असता तर मी दोषी ठरलो असतो, आणि योग्यच झाले असते.

पण एक जागा अशी आहे की जेथे कायदा मुलाचा हात जवळजवळ सोडतो. ती म्हणजे अठरावे वर्ष. बालगृहात वाढलेले मूल अठरा वर्षांचे झाले की बालगृहाबाहेर पडते. पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणगृहाची सोय आहे, परंतु ती थोड्यांच्याच वाट्याला येते. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात व नोकरीत एक टक्का आरक्षण ठेवले, हे उत्तम झाले. पण महाविद्यालयात जागा मिळाली तरी रात्री निजावयाचे कोठे? आपला मुलगा अठराव्या वर्षी स्वतःचे कपडे घडी करून ठेवीत नाही, आणि या मुलाने त्या वयात भाड्याची खोली, अनामत रक्कम आणि जामीनदार शोधावयाचा.

येथून मी आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो.

आपले वसतिगृह कसे उभे राहिले हे येथील वृद्धांना ठाऊक आहे. त्या पिढीतील कित्येकांनी वार लावून जेवून शिक्षण केले. सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या. ज्या घरी वार चुकला त्या दिवशी पाणी. परगावी शिकावयास आलेला मुलगा रात्री देवळाच्या ओवरीत निजत असे. आज ज्याला आपण बेघर म्हणू, तोच तो. अशा मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांकरिता वसतिगृहे काढविली. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले. त्या काळच्या वाऱ्यात आपल्याही पूर्वसूरींनी झोळी घेतली आणि एकेक खोली बांधली. त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र त्याच काळात साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढले, ते सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र, एका चुलीवरचे. त्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आपल्यासमोर तेव्हाही दोन्ही उदाहरणे होती. आपण पहिले घेतले. त्या दिवसांत तेही थोडे नव्हते.

गेल्या वर्षी जूनमध्ये आपल्या वसतिगृहाकडे एक अर्ज आला. बालगृहातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा, तंत्रनिकेतनात प्रवेश मिळालेला, गुणपत्रिका चांगली. अर्जातील दोन रकाने कोरे होते. एक 'पालकाची सही' आणि दुसरा 'पोटजात'. कोणत्या आईच्या पोटी आपण जन्मलो हे ज्याला ठाऊक नाही, त्याने पोटजात काय लिहावी? अर्ज अपूर्ण म्हणून परत गेला. मी तेव्हा कार्यकारी मंडळाचा सभासद होतो, सभेला हजर होतो आणि गप्प बसलो. कोणी वाईट हेतूने काही केले नाही. नियम दाखविला गेला, माना हलल्या, पुढचा विषय निघाला. हजेरीपटावर नाव कमी करताना मला जे वाटले होते, म्हणजे काहीच वाटले नव्हते, तेच पुन्हा झाले. घरी आल्यावर मात्र रात्रभर डोळा लागला नाही. मुलाचा ठावठिकाणा काढण्याचा मी प्रयत्न केला. तो मिळाला नाही.

वसतिगृह ज्ञातीच्या पैशाने उभे आहे, ते ज्ञातीच्याच मुलांना मिळावे, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मी हलका मानीत नाही. देणगीदारांनी आपल्या आईबापांच्या नावाने दिलेल्या खोल्या आहेत. आपल्याही गरीब मुलांचे अर्ज येतात, त्यांना प्रथम जागा मिळालीच पाहिजे. पण मागील बाजूच्या दोन खोल्या गेली कित्येक वर्षे कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. त्यांत मांडवाचे बांबू, सतरंज्या आणि लग्नकार्याची पातेली ठेवलेली आहेत. पातेल्यांची पोटजात आपण कधी विचारलेली नाही.

त्या दोन खोल्या रिकाम्या करून बालगृहातून बाहेर पडलेल्या चार मुलांना शिक्षण पुरे होईपर्यंत द्याव्यात, त्यांच्या अर्जात पोटजातीचा रकाना नसावा, आणि पालकाच्या सहीच्या जागी मंडळाच्या एका सभासदाची सही चालावी, असा ठराव मी लिहून दिला आहे. सभासदाने नुसती सही करून भागणार नाही. दिवाळीला त्या मुलाला घरी जेवावयास न्यावे लागेल, तो आजारी पडला तर दवाखान्यात बसावे लागेल, आणि त्याच्या महाविद्यालयाने 'बापाला घेऊन ये' म्हटले तर जावे लागेल. पहिल्या मुलासाठी मी सही करीन. माझे निवृत्तिवेतन त्याला पुरेसे आहे. पातेली ठेवावयास आमच्या घरचा माळा मोकळा आहे, तसे घरी विचारूनच सांगत आहे.

ठरावाचा कागद चिटणीसांकडे आहे. सूचक म्हणून माझे नाव त्यावर आहे. अनुमोदकाची जागा अद्याप कोरी आहे. सभा संपल्यावर मी चहाच्या टेबलापाशी उभा राहीन.