फरशी निवडण्याआधी जमीन पाहा

घराची डागडुजी काढली की दुकानात आपण फरशीचा रंग पाहतो. परभणीत मात्र आधी फरशीखालची जमीन पाहायला हवी. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेली महागडी फरशीसुद्धा एक-दोन वर्षांत उचलते, फुटते. म्हणून जोत्यातली काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून थराथराने धुमसून घ्या, वर काँक्रीटचा कोबा करा. पैसे वाचवायचे तर टाइल्सच्या किमतीत वाचवा, या भरावात नको.

आता दगड. कर्नाटकातल्या शहाबादहून येणारी शहाबादी फरशी स्वस्त, जाड आणि उन्हाळ्यात पायाला सुखाची. ओसरी, अंगण, धान्याची खोली यांसाठी मी तीच सुचवेन. राजस्थानचा कोटा पॉलिश केला की अधिक गुळगुळीत होतो. पण हे दोन्ही चुनखडीचे दगड; लिंबू, चिंच किंवा ॲसिड पडलं की डाग राहतो. स्वयंपाकघरात व्हिट्रिफाइड टाइल बरी. ती पाणी अर्ध्या टक्क्याहून कमी शोषते, त्यामुळे तेल-हळद मुरत नाही.

न्हाणीघरात चकचकीत टाइल अजिबात नको. घरात म्हातारी माणसं असतील तर खरबरीतच घ्या, आणि पाण्याचा उतार मोरीकडे ठेवा.

मिस्त्रीचा हिशेब चुकता करण्याआधी प्रत्येक फरशी नाण्याने वाजवून पाहा. पोकळ आवाज आला, तर ती लगेच उचलून पुन्हा बसवून घ्या.