आंजी (मोठी) येथील सभेतील भाषण : पाण्याचे दान



१८९९-१९०० च्या दुष्काळात मध्यप्रांतात उपासमारीबरोबर पटकीनेही माणसे दगावली, याचे आम्ही स्मरण देतो. तुरटीने गढूळ पाणी निवळते. निर्दोष होत नाही. ते जुन्या लुगड्याच्या चार पदरांतून गाळून, एक मिनिट खळखळ उकळून, झाकणाच्या गुंडात ठेवावे. ओगराळ्याने घ्यावे, हात बुडवू नये. माणशी रोज ३ लिटर धरता पाच माणसांस तीन दिवसांकरिता ४५ लिटर पिण्याचे पाणी साठविले पाहिजे.

परंतु ज्याच्या घरी भाकरीपुरतेही सरपण नाही, त्याने पाणी उकळावे कशावर? म्हणून व्यापारीबंधूंनी धान्याबरोबर सरपण व गुंड द्यावेत. जमीनदारांनी आपल्या विहिरी जात न पाहता सर्वांस खुल्या ठेवाव्यात. दिलेले अन्न दूषित पाण्यापायी व्यर्थ जाऊ नये, हीच आमची विनंती.