खाडीखाडीवरची सरहद्द



वसईची मोहीम म्हटली की चिमाजी आप्पा आणि वसईचा कोट आठवतो, आणि आपण तिथेच थांबतो. मला आज सांगायचे आहे ते त्याच्या आधीचे. वसई पडली मे 1739 मध्ये. पण तिला एकटे पाडण्याचे काम त्याच वर्षीच्या जानेवारीत आपल्या पाम परिसराच्या पट्ट्यात झाले.

गुजरातच्या बहादूरशहाने 1534 साली वसई पोर्तुगिजांना दिली. 1559 साली त्यांनी दमण घेतले. मग मधल्या किनाऱ्यावर त्यांचा अंमल बसला. ही भूमी तुमच्या पायाखालची आहे: पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर, मध्ये भातखाचरांची आणि वाड्यांची अरुंद पट्टी, आणि तिला जागोजागी छेदणाऱ्या खाड्या. खाडीतून गलबते आत येत, भात आणि सागवान बाहेर जाई. ज्याच्या हाती खाडीचे तोंड, त्याच्या हाती मागची गावे. तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे इथले कोट या हिशेबाने उभे आहेत. डोंगरवाटांवर नजर ठेवायला अशेरीगड होता. त्याच्या माथ्यावर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड आजही पाहायला मिळतो.

गावे जमीनदारांना खंडाने दिली जात, आणि त्या बदल्यात घोडा किंवा बंदूकवाले बाळगण्याची अट असे. सरहद्द राखण्याचा खर्च असा शेवटी शेत कसणाऱ्याच्या माथी बसला.

डोंगरापलीकडे जव्हार आणि रामनगर ही राज्ये होती. दमणकडच्या गावांसाठी पोर्तुगीज रामनगरच्या राजाला चौथ देत. 1672 मध्ये मराठ्यांनी ही दोन्ही राज्ये घेतली आणि शिवाजी महाराजांनी त्या चौथाईवर हक्क सांगितला. स्वराज्य आता थेट या पट्ट्याला येऊन भिडले. 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजा खाली उतरल्या, तेव्हा तारापूरने आग पाहिली.

1737 साली अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक माणसांच्या साहाय्याने मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. माहीमचा वेढा मात्र त्या वेळी उठवावा लागला. जमिनीवरून कितीही आवळले, तरी समुद्राकडून कुमक आणि रसद येत राहिली, की कोट तगतो. 1739 च्या मोहिमेचा क्रम या अनुभवातून समजतो. चिमाजी आप्पांनी थेट वसईला भिडण्याआधी उत्तरेकडची ठाणी घेतली. जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव पडले. दमण आणि वसई यांच्यामधला दुवा निखळू लागला.

तारापूरने कडवी झुंज दिली. तटाखाली सुरुंग घातले गेले. काही उडाले, काही उडाले नाहीत. जिथे खिंडार पडले तिथून मराठे आत शिरले आणि तटाच्या आत हातघाईची लढाई झाली. या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. पेशव्यांच्या घरी ते भावासारखे होते. त्यांच्या आईच्या सांत्वनासाठी बाजीराव पेशव्यांनी पत्र लिहिले. तारापूरची किंमत किती मोठी होती, ते त्या पत्रावरून कळते. त्यानंतर फेब्रुवारीपासून तीन महिने वसईला वेढा पडला, तेव्हा उत्तरेला दमणच्या अलीकडे तिच्या मदतीला येईल असे ठाणे उरले नव्हते.

दमण मात्र पोर्तुगिजांकडेच राहिले. म्हणजे सरहद्द संपली नाही, वर सरकली. 2 ऑगस्ट 1954 रोजी पोर्तुगिजांच्या ताब्यातले सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते. डिसेंबर 1961 मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांनी दमण घेतले, आणि चारशे वर्षांची ही सरहद्द मिटली.

श्रोतेहो, वसईला लोक आवर्जून जातात, तसे आपल्या कोटांकडेही जावे अशी माझी कळकळ आहे. माहीमची शाळा माहीमच्या वेढ्यापासून इतिहास का शिकवू नये? ज्या घरांत जुन्या सनदा, खंडाचे कागद असतील, त्यांनी त्यांच्या नकला करून गावच्या वाचनालयात ठेवाव्यात. तटावरची झाडे तटाचे दगड सुटे करतात. ती वेळेत, जाणकारांना विचारून काढावीत. सरहद्दीवरच्या माणसांनी दोन्हीकडची फौज पोसली आणि दोन्हीकडची आग सोसली. त्यांचा इतिहास लिहायचा तर सुरुवात त्यांच्याच गावांतून व्हायला हवी, आणि ती या वर्षी होऊ शकते.