फुकटचा फोन आणि आईचा साधा मोबाईल



आज आपण फोनवर गप्पा मारणार आहोत. म्हणजे फोनबद्दल! आमच्या गटात सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीच्या बायका आहेत, तशा सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावच्याही आहेत. आपला भाग कमी पावसाचा. त्यामुळे घरटी एखादं माणूस बाहेरगावी असतंच. कुणी केरळ, तामिळनाडू, पंजाबात गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामात. कुणी फौजेत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात. म्हणून फोन ही आपल्याकडे चैन कधी नव्हतीच, ती गरज होती.

आठवतोय तो पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ? रात्री ११ नंतर पाव दर लागायचा, म्हणून आम्ही लेकरांना कडेवर घेऊन रांगेत उभ्या राहायचो. समोर मीटरचे लाल आकडे पळायचे. "बरी आहेस ना?" "हो." तेवढ्यात फोन ठेवायची वेळ व्हायची. रडायलासुद्धा पैसे पडत होते.

मग इंटरनेटवरून बोलणं आलं. यात आपला आवाज बारीक तुकडे होऊन नेटवरून जातो, फोटो जातो तसाच. त्यासाठी वेगळ्या मीटरची गरज नाही. सरकारनं १ एप्रिल २००२ पासून याला परवानगी दिली, पण कुंपण घालून. संगणकावरून संगणकावर बोला, परदेशातल्या फोनवर बोला, पण देशातल्या देशात संगणकावरून साध्या फोनवर बोलायचं नाही. म्हणजे अमेरिकेतल्या भाच्याशी स्वस्तात बोलता येत होतं, आणि कोईमतूरच्या गलाईवाल्यानं विट्याला घरी फोन करायचा तर एसटीडीच.

पुढं चित्र भराभर बदललं. २००३ मध्ये मोबाईलवर येणारे फोन फुकट झाले. २०१५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता यायला लागलं, २०१६ मध्ये तोंडही दिसायला लागलं. सुट्टी न मिळालेल्या जवानानं आपल्या लेकीचं बारसं फोनवर पाहिलं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

फोन कंपन्यांना हे कसं आवडणार? त्यांचं म्हणणं असं, की टॉवर आम्ही उभारायचे, परवान्याचे पैसे आम्ही भरायचे, आणि बोलणी मात्र दुसऱ्याच्या अ‍ॅपवरून व्हायची. अ‍ॅपवाले म्हणतात, नेटचे पैसे गिऱ्हाईक तुम्हालाच देतंय की. २०१४ च्या शेवटी एका मोठ्या कंपनीनं अशा कॉलला वेगळा दर लावायचं जाहीर केलं. लोकांनी ओरड केली, तेव्हा मागं घेतलं. २०२० मध्ये ट्राय, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिनंही सांगितलं की या अ‍ॅपना सध्या वेगळे नियम नकोत.

पण मैत्रिणींनो, या चढाओढीत एक गोष्ट उलटी झाली. २०१६ पासून कंपन्यांनी बोलणं फुकट करून नेटचे पैसे घ्यायला सुरुवात केली. आपल्याला ते परवडलं. पण आपल्या आईचं, सासूबाईंचं काय? त्यांच्याकडे बटणांचा साधा मोबाईल. त्यात नेट नाही, तरी रिचार्जमध्ये नेटचे पैसे जायचे. लग्नात न जेवताच आहेर देऊन परत यायचं, तशातली गत!

यावर २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायनं नियम केला. कंपन्यांनी फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला रिचार्जही ठेवलाच पाहिजे. त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार आपण होऊन सांगेलच असं नाही. आपणच म्हणायचं, "दादा, नेट नसलेला पॅक दाखवा." मग दिवस आणि पैसे यांचा हिशेब घालायचा आणि जो परवडेल तो घ्यायचा.

आता एक आमच्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. वस्तीवर रात्री आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंच्या छातीत कळ आली. सून घाबरून व्हॉट्सअ‍ॅपवरून नवऱ्याला फोन लावत बसली. नेटचं चाक नुसतं गरगर फिरत होतं. शेवटी म्हातारीनंच उशाखालचा साधा मोबाईल काढून दिला. त्यावरून १०८ लागला आणि गाडी आली. त्या आज बऱ्या आहेत, पण तो अर्धा तास आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, व्हॉट्सअ‍ॅपवरून १०८ किंवा ११२ लागत नाही. अडचणीत साधा फोनच लावायचा. दुसरी, नेटवर मनसोक्त बोला, पण साधा नंबर बंद पडू देऊ नका. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो. तिसरी, व्हिडिओ कॉलवर कुणी पोलिसाचा गणवेश घालून "तुम्हाला अटक केलीय, पैसे भरा" म्हणालं, तर तो चोर समजा. फोनवरून अटक होत नसते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला कळवा.

आज संध्याकाळी एवढंच करा. आईचा फोन हातात घ्या, रिचार्ज कधी संपतोय ते बघा, आणि १०८ व ११२ हे आकडे त्यांना स्वतः दाबून बघायला सांगा. हिरवं बटण मात्र दाबू नका हं!

येतो आम्ही. नमस्कार.