पर कुजणे : रोग माशाचा, दोष पाण्याचा



मासा हा मुका जीव. त्याला काही दुखत-खुपत असल्यास ते कळण्याचे साधन म्हणजे त्याचे पर. निरोगी माशाचे पर ताठ व अखंड असतात आणि पोहताना ते पूर्ण उलगडतात. पाणी बिघडले की हेच पर मिटू लागतात, त्यांच्या कडा दुधाळ दिसू लागतात, पुढे त्या झिरमिळ्यांसारख्या फाटतात आणि अखेर पर मुळापर्यंत सडत जातो. मत्स्यपालकांच्या परिचयाचा हा रोग म्हणजे पर व शेपटी कुजणे.

हा विषय केवळ हौशी लोकांचा आहे, अशी समजूत होण्याचा संभव आहे. ती बरोबर नाही. सातारा व सांगली जिल्ह्यांत मासे अनेक कारणांनी पाळले जातात. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आरोग्य विभागाच्या पैदास केंद्रांतून गावोगावच्या टाक्यांत व डबक्यांत सोडले जातात. शाळांतून मुलांना निरीक्षणासाठी काचेच्या टाक्या ठेवलेल्या असतात. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ व जत या भागांत द्राक्षबागांसाठी प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली शेततळी झाली असून त्यांपैकी काहींत रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली सोडली जातात. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनासही अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. कर्ज काढून उभारलेल्या अशा छोट्या युनिटमध्ये फाटक्या परांचा मासा कोणी विकत घेत नाही. तेव्हा या रोगाने संसाराचे गणितही बिघडू शकते.

रोगाचे मूळ

पर कुजण्यास एरोमोनास, स्यूडोमोनास व फ्लेवोबॅक्टेरियम या गटांतील जिवाणू कारणीभूत होतात. तथापि, यांतील बहुतेक जिवाणू साध्या पाण्यात नेहमीच वास करीत असतात. माशाच्या अंगावरील बुळबुळीत आवरण शाबूत असेपर्यंत त्यांचे काही चालत नाही. पाणी घाण झाले, दाटी झाली, थंडीने माशाची प्रतिकारशक्ती मंदावली किंवा जाळ्याने ओरखडा उठला, की त्यांना वाट मिळते. यास्तव या रोगाची चौकशी माशापासून न करता पाण्यापासून करावी.

पाण्यातील पहिला शत्रू म्हणजे अमोनिया. माशांची विष्ठा, न खाल्लेले अन्न व सडलेली पाने यांपासून तो तयार होतो. टाकीतील वाळू व गाळणी यांवर वस्ती करणारे उपकारक जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत ही वस्ती जमण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणली त्याच दिवशी वीस-पंचवीस मासे सोडले, तर पंधरवड्याच्या आत पर कुजू लागल्यास नवल नाही. अस्तराच्या शेततळ्यातही असेच घडते. तेथे तळाची माती नसल्यामुळे घाण पचविणारी नैसर्गिक व्यवस्था दुबळी असते.

या दोन जिल्ह्यांतील पाणी सर्वत्र सारखे नाही, हेही ध्यानात घ्यावे. जावळी, पाटण व महाबळेश्वर या अतिपावसाच्या भागांत पाणी मऊ असते. तेथे हिवाळ्यातील गारवा हा मुख्य प्रश्न आहे. गप्पी, मॉली, एंजल यांसारख्या उष्ण प्रदेशातील माशांना २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. रात्री पाणी फार गार पडत असल्यास टाकीत हीटर बसविणे आवश्यक होय. सोनमासा म्हणजे गोल्डफिश मात्र गारवा सहन करतो.

याउलट माण, खटाव, आटपाडी व जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत विहिरी व विंधनविहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड व क्षारयुक्त असते. अमोनियाचा विषारी अंश पाण्याच्या सामूवर अवलंबून असतो. २५ अंश तापमानास सामू ७ असता हा अंश शेकडा १ हूनही कमी असतो, सामू ८.५ झाला की तोच शेकडा १५ च्या आसपास जातो. म्हणजे पाटणच्या टाकीत खपून जाणारी घाण जतच्या टाकीत घातक ठरू शकते. अशा ठिकाणी मासे कमी ठेवावेत व अन्न हात राखून घालावे.

तिसरी बाब नळाच्या पाण्याची. गावच्या पाणीपुरवठ्यात टी.सी.एल. पावडर टाकणे माणसांच्या आरोग्यासाठी अत्यावश्यकच आहे. परंतु त्यातील क्लोरीन माशांचे कल्ले व त्वचा होरपळविते आणि उपकारक जिवाणूंनाही मारते. हे पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवून मगच वापरावे, अथवा त्यात हायपोचे खडे विरघळवावेत.

ओळख

प्रत्येक फाटका पर कुजलेला नसतो. टायगर बार्बसारखे खोडकर मासे एंजल व गुरामी यांचे लांब पर कुरतडतात. अशा जखमेची कड स्वच्छ असते. तिच्यावर पांढुरकी झालर वा लाल रेषा नसतात. कृष्णेच्या खोऱ्यात तर इतर माशांची खवले ओरबाडून खाणारा ‘खवलचोर’ नावाचा मासाच आहे. त्याचे शास्त्रीय वर्णन सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. कापसासारखे पुंजके दिसल्यास ती बुरशी समजावी. पर कुजलेल्या जागी ती पुष्कळदा मागाहून येते.

सर्वच मासे एकाच रात्रीत मेले, तर ते पर कुजण्याचे काम नव्हे. हा रोग दिवसागणिक पसरतो. एकदम मृत्यू घडवितो तो प्राणवायूचा अभाव किंवा विषारी द्रव्य. मार्च २०२३ मध्ये सांगलीनजीक कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा सर्वांचे लक्ष पाण्याच्या प्रदूषणाकडेच वळले, ते योग्यच होते. नदी असो वा काचेची टाकी, प्रथम पाणी तपासावे.

उपचार

रोग ओळखू येताच आजारी मासा वेगळ्या भांड्यात ठेवावा व त्यात हवेचा पंप चालू ठेवावा. मूळ टाकीतील चौथा ते तिसरा हिस्सा पाणी काढून तेवढेच क्लोरीनरहित, त्याच तापमानाचे पाणी घालावे व तळाचा गाळ नळीने ओढून घ्यावा. हा क्रम काही दिवस रोज चालवावा. सर्व पाणी एकदम बदलू नये. त्याने माशास धक्का बसतो. गाळणीचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा, म्हणजे उपकारक जिवाणू टिकून राहतात. आरंभीच्या अवस्थेत बहुधा एवढ्यानेच रोग हटतो.

गरज भासल्यास खडेमीठ वापरावे. प्रमाण दर लिटरला १ ते २ ग्रॅम. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा टाकीत प्रत्यक्ष पाणी सुमारे ४५ लिटर मावते. त्यास ४५ ते ९० ग्रॅम मीठ पुरते. ते पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन वेळा विभागून घालावे. वाफ होऊन कमी झालेले पाणी भरताना पुन्हा मीठ घालू नये, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही. खवले नसलेल्या माशांना व पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही, म्हणून हा उपचार वेगळ्या भांड्यातच करणे श्रेयस्कर.

रोग बळावल्यास पोटॅशियम परमँगनेटचा उपयोग होतो. १ ग्रॅम औषध १ लिटर पाण्यात विरघळवून द्रावण करावे. २० लिटरच्या बादलीस त्यातील ४० मिलिलिटर पुरते. म्हणजेच प्रमाण लिटरला २ मिलिग्रॅम पडते. या गुलाबी पाण्यात मासा तीन-चार तास ठेवावा. तो तडफडू लागल्यास तत्काळ स्वच्छ पाण्यात सोडावा. पाणी तपकिरी झाले की औषधाचा प्रभाव संपला असे समजावे. अंदाजपंचे चिमूटभर टाकण्याची सवय मात्र घातक आहे.

पराचे मूळ शाबूत असल्यास काही आठवड्यांत नवा भाग फुटतो. तो प्रथम पारदर्शक दिसतो. त्यास पुन्हा रोग झाला असे समजून औषध देऊ नये.

प्रतिजैविकांविषयी

माणसांच्या औषधांतील कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याचा प्रघात काही ठिकाणी आढळतो. तो सर्वथा त्याज्य होय. असे पाणी गटारात वा शेतात गेले की औषधास न जुमानणारे जिवाणू वाढतात, आणि उद्या तेच औषध आजारी माणसास लागू पडेनासे होते. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान गटातील औषधांना खाद्य माशांच्या पालनात बंदीच आहे. शेततळ्यातील माशांस औषध देण्यापूर्वी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

प्रतिबंध व जबाबदारी

नवे मासे दोन ते तीन आठवडे वेगळे ठेवावेत. प्रत्येक टाकीचे जाळे निराळे असावे. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच अन्न घालावे. आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदलावे. शाळेत हे काम मुलांकडे पाळीपाळीने सोपवून पाण्याचे तापमान, सामू व माशांच्या परांची स्थिती यांची नोंदवही ठेवल्यास विज्ञानाचा तो उत्तम पाठ होईल. दीर्घ सुटीत टाकीची व्यवस्था कोणाकडे राहील, हे मुख्याध्यापकांनी आधीच ठरवावे. गप्पी केंद्रातून मासे नेताना त्यांचे पर पाहून मगच ते द्यावेत.

अखेरची सूचना सर्वांत महत्त्वाची. आजारी वा नकोसा मासा दया म्हणून ओढ्यात, तलावात किंवा नदीत कधीही सोडू नये. त्याच्याबरोबर रोगही जातो. शिवाय परका मासा तेथे मूळ धरतो. मत्स्यालयांतून सुटलेला सकर मासा देशातील अनेक जलाशयांत ठाण मांडून बसला आहे. १९५३ मध्ये सायलस यांनी वेण्णा नदीतील नमुन्यांवरून सह्याद्रीचे नाव दिलेला लहानसा मासा, पुंटियस सह्याद्रिएन्सिस, याच जिल्ह्याच्या पाण्यातला आहे. त्याचे घर परक्यांच्या हाती जाऊ न देणे ग्रामपंचायतींच्या हाती आहे.

मेलेला मासा पाण्यात न टाकता खोल पुरावा, टाकी व जाळी धुऊन उन्हात वाळवावीत, आणि नवा मासा आणण्यापूर्वी पाणी तपासावे. पाणी न सुधारता मासा बदलल्यास रोग मात्र तसाच राहतो.