ताराराणीच्या नावाची बोट



सांगलीहून साताऱ्यास येऊन समुद्रावर बोलणे म्हणजे धाडसच. आपले पाणी म्हणजे कृष्णामाई! शिवाय मी चौथीत शाळा सोडलेला कामगार. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर. पण या हकिगतीत तुमच्या गावचे एक नाव आहे, म्हणून धीर केला.

22 ऑक्टोबर 1999 रोजी ‘अलोंद्रा रेनबो’ हे मालवाहू जहाज 7,000 टन ॲल्युमिनियम घेऊन इंडोनेशियातून जपानकडे निघाले आणि चाच्यांच्या हाती पडले. जहाजावरच्या सतरा जणांना, दोन जपानी आणि पंधरा फिलिपिनो, त्यांनी पुढे एका तराफ्यात बसवून भर समुद्रात सोडून दिले. सुमारे दहा दिवसांनी थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांना वर घेतले. इकडे जहाजाला नवा रंग, नवे नाव ‘मेगा रामा’! नोव्हेंबरच्या मध्यास ते आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर दिसले. पाठलागाला गेली तटरक्षक दलाची ‘ताराबाई’. होय, अजिंक्यताऱ्यावरची आपली ताराराणीच! मग नौदलाची ‘प्रहार’ आली, तोफ झाडावी लागली. चोरांनी जहाज पेटवून बुडविण्याचाही यत्न केला. अखेर पंधरा इंडोनेशियन पकडले गेले.

पण निम्म्याच्या आसपास माल आधीच विकला गेला होता. तो घेतला कोणी? मुंबईच्या पिंजऱ्यात उभे राहिले ते जहाजावर सापडलेले. आमच्या एका कारखान्यात साखरेची पोती गेली, तेव्हा रात्रपाळीचा रखवालदार घरी बसला. पोती विकत घेणाऱ्याचे दुकान चालूच राहिले. त्याच्या बाजूने मी तीन वर्षे भांडलो, म्हणून मला हे खुपते.

2003 मध्ये आरोपींना सात वर्षांची शिक्षा झाली. 2005 मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले. चाचेगिरीचा स्वतंत्र कायदाच आपल्याकडे नव्हता. तो झाला 2022 साली. सतरा माणसांना समुद्रात सोडल्यानंतर तेवीस वर्षांनी!

मार्च 2024 मध्ये नौदलाने ‘रूएन’ जहाजावरचे पस्तीस सोमाली चाचे धरून मुंबईस आणले. तेथेही सुटलेले खलाशी सतराच. आता कायदा हाताशी आहे. त्या पस्तिसांना होड्या, इंधन आणि बंदुका कोणी पुरविल्या, एवढे एकच मी तेव्हापासून वर्तमानपत्रांत शोधीत असतो.